लिस्बनचे जुनेपण कोणत्या सालचे?

लिस्बनच्या जुन्या भागात कुठेही मान वर केली की टेकडीवरचा साओ जॉर्जचा किल्ला दिसतो. चौकोनी बुरूज, एकसारखे दातेरी तट, वर झेंडा. युरोपातला मध्ययुगीन किल्ला म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते, तेच इथे दगडात उभे आहे. पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसो हेन्रिकिश याने ११४७ साली मुसलमान सत्तेकडून लिस्बन घेतले ते हीच टेकडी काबीज करून. शहर पाहायला आलेल्याला इथे वाटते, की आपण आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या भिंतीला हात लावतो आहोत. खालचे काही थर खरोखर तितके जुने आहेत. पण नजरेत भरणारे ते दाते आणि बुरुजांच्या माथ्यांचा मोठा भाग १९३८ ते १९४० या काळात बांधला गेला. माझे म्हणणे असे, की ही एका किल्ल्यापुरती गोष्ट नाही. समुद्रमार्ग शोधणाऱ्या दर्यावर्दींचे शहर म्हणून लिस्बनमध्ये जे दाखवले जाते, त्याची मांडणी आणि बरेचसे बांधकामही विसाव्या शतकातले, सालाझारच्या हुकूमशाहीतले आहे. ते तेव्हाच का झाले हे समजून घेतले नाही, तर हे शहर पाहूनही अर्धेच पाहिले जाते. गोव्याच्या शेजारी राहणाऱ्या मराठी माणसाने तर ते समजून घ्यायलाच हवे. ज्या सरकारी खात्याने लिस्बनचा किल्ला ‘जुना’ केला, त्याच खात्याचा एक मोठा अधिकारी पुढे जुन्या गोव्यातही आला होता.

हे खाते १९२९ साली स्थापन झाले. राष्ट्रीय इमारती आणि स्मारके यांचे महासंचालनालय असे त्याचे भारदस्त नाव. त्याची कामाची रीत ठरलेली होती. इमारतीवर शतकानुशतके चढलेले थर उतरवायचे आणि तिला तिच्या मूळ, ‘शुद्ध’ रूपात आणायचे. हे मूळ रूप कोणते, हे अर्थात खातेच ठरवी. त्यांच्या लेखी राष्ट्राचा जन्म बाराव्या शतकातला आणि वैभव पंधराव्या-सोळाव्या शतकातले, म्हणून या काळांतले ते अस्सल आणि नंतरचे सगळे उपरे. साओ जॉर्जचा किल्ला १७५५ च्या भूकंपात खिळखिळा झाला होता. नंतरच्या काळात तिथे लष्कराच्या बराकी होत्या आणि काही वर्षे अनाथ मुलांना सांभाळणारी ‘काझा पिया’ ही संस्थाही होती. १९३८ पूर्वीच्या छायाचित्रांत टेकडीवर लांबलचक बराकी दिसतात, बुरूज मात्र शोधावे लागतात. या बराकी पाडल्या, तट उंचावले, दाते बसवले. लिस्बनच्या मुख्य कॅथेड्रलचेही तसेच. भूकंपानंतर अठराव्या शतकात त्याची जी सजावट झाली होती ती उतरवली गेली, दर्शनी भागावरची गोल नक्षीदार खिडकी सापडलेल्या तुकड्यांच्या आधाराने पुन्हा घडवली गेली, आणि अधिक कडक, अधिक बाराव्या शतकातले वाटणारे कॅथेड्रल १९४० साली लोकांपुढे आले. १९४० हे साल इथे वारंवार येईल, आणि ते योगायोगाने नाही.

यावर पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे. जुन्या इमारतींची डागडुजी सगळीकडेच झाली. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक याने कार्कासोनचा तट एकोणिसाव्या शतकात जवळपास नव्याने सजवला. मग एकट्या लिस्बनला का धरायचे? शिवाय बराकी हटवल्या नसत्या तर किल्ला ढासळला असता, तो निदान उभा तरी राहिला. आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. दुरुस्ती झाली याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुरुस्तीचा हेतू ओळखायचा असेल, तर त्याच वर्षांत, त्याच शहरात, काय पाडले गेले तेही पाहावे लागते. किल्ल्याच्या उत्तर उतारावर मोरारिया ही वस्ती आहे. ११४७ नंतर शहरातल्या मुसलमानांना राहायला दिलेली ही जागा. तिच्या खालच्या भागातल्या अरुंद गल्ल्या, शतकानुशतकांची घरे, हे सगळे १९३० ते १९५० च्या दशकांत शहर सुधारणेच्या नावाखाली जमीनदोस्त झाले. तिथले सोकोरू चर्चही १९४९ साली पाडण्यात आले. वर टेकडीवर मध्ययुग नव्याने बांधले जात होते आणि खाली पायथ्याशी खरे मध्ययुग मोडीत निघत होते. मोकळ्या झालेल्या त्या जागेला नाव कुणाचे दिले? मार्तिम मोनिझ या सरदाराचे. ११४७ च्या वेढ्यात किल्ल्याचा दरवाजा बंद होऊ नये म्हणून त्याने स्वतःचे शरीर फटीत घातले अशी दंतकथा आहे. ज्यांना ही वस्ती दिली होती, त्यांचा पराभव करणाऱ्याचे नाव त्या जागेला. डागडुजीच्या युक्तिवादात हे बसत नाही. जुने टिकवावे हा हेतू असता तर मोरारिया टिकली असती.

जुन्या जागेशी वेगळ्या रीतीने वागता येते, याचा पुरावा खुद्द किल्ल्याच्या आतच आहे. १९९६ पासून तिथे उत्खनन झाले आणि पुढे ती जागा लोकांसाठी खुली झाली. एकाच आवारात लोहयुगातल्या वस्तीच्या खुणा, अकराव्या शतकातल्या मुसलमान घरांच्या भिंती आणि पाया, आणि १७५५ मध्ये कोसळलेल्या एका वाड्याचे अवशेष असे तिन्ही थर उघडे ठेवले आहेत. एकाला खरा ठरवून बाकीचे खरवडून काढलेले नाहीत. दातेरी तटाच्या मानाने तिथे नजरेला भव्य असे काही नाही. पण या टेकडीवर काय घडले याबद्दल ते चार-दोन उघडे पाये तटावरच्या दात्यांपेक्षा कितीतरी अधिक सांगतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शहराच्या पश्चिमेला तेजो नदीच्या काठी बेलेम आहे. तिथला जेरोनिमोस मठ आणि बेलेमचा बुरूज तर सोळाव्या शतकातले, युनेस्कोने १९८३ साली जागतिक वारशात घेतलेले. त्यांना विसाव्या शतकाची रचना कसे म्हणता येईल? म्हणता येणार नाही, दगड निर्विवाद सोळाव्या शतकातला आहे. मॅन्युएल राजाने मठाचे काम १५०१-०२ च्या सुमारास सुरू केले आणि त्याचा पैसा आला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. मलबारची मिरी जहाजात चढली नसती तर हे कोरीव खांब उभे राहिले नसते. बुरूज १५१४ ते १५१९ या काळात फ्रान्सिस्को द अरुदा याने बांधला, तेव्हा तो चहूकडून पाण्यात होता. त्याच्या एका टेहळणी-मनोऱ्याच्या तळाशी, सहसा कुणाचे लक्ष जात नाही अशा जागी, झिजून गेलेले एक दगडी डोके आहे, गेंड्याचे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर शाह याने पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर अफोंसो द अल्बुकर्क याला पाठवलेला गेंडा मॅन्युएल राजाकडे रवाना झाला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचला. राजाने तो पुढे पोपला भेट म्हणून धाडला, पण वाटेत जहाज बुडाले आणि गेंडाही गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहताच, ऐकीव वर्णनावरून आणि हाती आलेल्या रेखाटनावरून त्याचे चित्र लाकडात कोरले. ते चित्र जगभर गेले. हे झिजके डोके मात्र बुरूज बांधला जात असतानाचे, त्याच घटनेच्या साक्षीत घडवलेले. अशी अस्सल वस्तू समोर असली की मनाला वेगळाच आनंद होतो, आणि तो आनंद मी अजिबात कमी लेखत नाही.

मुद्दा असा, की दगड सोळाव्या शतकातला असला तरी ज्या रूपात आणि ज्या परिसरात तो आपल्याला भेटतो ते तसे नाही. बुरुजाचे काही कठडे आणि सज्जे १८४० च्या दशकातल्या दुरुस्तीत बसवलेले आहेत. पुढे शेजारी गॅसचा कारखाना उभा राहिला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच्या टाक्या व धुराडी बुरुजाच्या बाजूला होती. मठाच्या दुरुस्तीचे काम एकोणिसाव्या शतकात सिनाती आणि राम्बुआ या रंगमंचाचे देखावे रंगवणाऱ्या दोन कलावंतांकडे गेले. त्यांनी उभारायला घेतलेला भव्य मधला मनोरा १८७८ च्या डिसेंबरात कोसळला आणि त्याखाली मजूर मेले. प्रवेशाजवळची वास्को द गामाची समाधी पाहून लोकांना वाटते, तो मेला तेव्हाच इथे आणून ठेवला असेल. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला, तिथेच सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला गेला, १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालात विदिगेइराला नेले, आणि जेरोनिमोसमध्ये ते आले १८८० मध्ये, कवी कामोंइशच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने. शवपेटीवरची दोरखंडांची आणि जहाजांची नक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे. तेव्हा सगळे खापर सालाझारवर फोडणे बरोबर नाही, हे मी आधीच मान्य करतो. हरवलेल्या वैभवाची ओढ त्याच्या आधीपासून होती. त्याच्या राजवटीने या ओढीला सरकारी धोरण बनवले, तिच्यासाठी नकाशा आखला आणि तारीख ठरवली.

ती तारीख म्हणजे २३ जून १९४०. राष्ट्राच्या जन्माला आठशे आणि स्पेनपासून सुटकेला तीनशे वर्षे झाली म्हणून बेलेममध्ये ‘पोर्तुगीज जगाचे प्रदर्शन’ उघडले. नऊ दिवस आधी पॅरिस जर्मन फौजांच्या हाती पडले होते, आणि अमेरिकेला जाणारे जहाज मिळावे म्हणून निर्वासितांचे लोंढे लिस्बनकडे येत होते. अशा वेळी मठासमोर लक्षावधी लोकांसाठी दालने, कारंजी, रोषणाई मांडली गेली. त्यासाठी मठासमोरच्या जुन्या बेलेम वस्तीचा एक भाग पाडला आणि तिथे ‘साम्राज्याचा चौक’ आखला. आज मठाचे छायाचित्र काढायला जो प्रशस्त मोकळा अवकाश मिळतो, तो या पाडापाडीतून आलेला. शेजारच्या बागेत वसाहतींचा विभाग होता आणि तिथे आफ्रिकेतून व इतर वसाहतींतून आणलेली जिवंत माणसे झोपड्यांसह प्रेक्षकांसाठी मांडली होती. प्रदर्शनाचा मुख्य वास्तुकार कोत्तिनेल्ली तेल्मो आणि शिल्पकार लिओपोल्दो द अल्मेदा यांनी नदीकाठी एक स्मारकही उभारले: जहाजाच्या नाळेसारखा आकार, टोकाला राजपुत्र हेन्री, मागे दर्यावर्दींची रांग. ते कच्च्या, तात्पुरत्या साहित्याचे होते. प्रदर्शन संपले आणि पुढे ते काढून टाकले गेले.

पण आज तिथे ते उभे आहे, छप्पन्न मीटर उंच, काँक्रीटचे आणि दगडाने मढवलेले. हे दुसरे, पक्के स्मारक १९६० साली, हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली तेव्हा उभारले. समोरच्या फरशीत पन्नास मीटर व्यासाचे होकायंत्राचे चक्र आहे आणि मधोमध जगाच्या नकाशावर पोर्तुगीज जहाजे कुठे कधी पोहोचली त्यांची साले. हे चक्र दक्षिण आफ्रिकेने भेट दिलेले, वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेने. आता १९६० कडे आपल्या बाजूने पाहू. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्येच मुक्त झाली होती. सुधीर फडके यांच्यासारखे मराठी लोक त्या लढ्यात होते. पोर्तुगाल हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात घेऊन गेला आणि त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला. त्याच वर्षी आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र झाले. वसाहती सोडा असा दबाव वाढत असताना सालाझारने १९५१ मध्येच घटना बदलून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली होती. या गोष्टी एकत्र ठेवल्या की नदीकाठचे स्मारक वेगळे दिसू लागते. आम्ही पाचशे वर्षे तिथे आहोत, म्हणून ते आमचेच, हा न्यायालयात आणि संयुक्त राष्ट्रांत मांडलेला युक्तिवाद तिथे काँक्रीटमध्ये ओतलेला आहे. त्या रांगेत अल्बुकर्क आहे, फ्रान्सिस झेवियर आहे. पुढच्या वर्षी अंगोलात युद्ध पेटले आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पंधराव्या शतकाचे म्हणून पाहिले जाणारे हे स्मारक अशा रीतीने गोव्याच्या मुक्तीच्या आदल्याच वर्षीचे आहे.

कुणी म्हणेल, पर्यटक नदी पाहायला येतो, वारा खातो, गोड पेस्ट्री खातो, त्याला हे राजकारण कशाला? मला वाटते, एखाद्या शहरात काय पाहायचे याची यादी जेव्हा एका राजवटीने ठरवलेली असते, तेव्हा त्या यादीत काय नाही हाही शहराच्या इतिहासाचाच प्रश्न असतो. १५५१ च्या एका मोजणीनुसार लिस्बनची वस्ती एक लाखाच्या आसपास होती आणि त्यातले सुमारे दहा हजार गुलाम होते. दर दहा माणसांमागे एक. मेलेल्या गुलामांची प्रेते उघड्यावर टाकली जातात म्हणून १५१५ मध्ये, म्हणजे गेंडा आला त्याच वर्षी, मॅन्युएल राजाने त्यांच्यासाठी खड्डा खणायचा हुकूम काढला. गेंड्याचे डोके बुरुजावर कोरले गेले. त्या माणसांसाठी शहराच्या प्रेक्षणीय स्थळांत काहीच नव्हते. गुलामगिरीचे स्मारक व्हावे असा कौल लिस्बनच्या नागरिकांनी महापालिकेच्या लोकसहभागी अंदाजपत्रकात दिला तो २०१७ साली. जे शहर मिरीच्या करातून बांधलेले खांब अभिमानाने दाखवते त्याने त्याच काळी जहाजांतून आणलेल्या या माणसांची जागाही दाखवावी, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

सालाझारच्या लिस्बनला उत्तर म्हणून जुन्याचा हव्यास सोडा असे मला सुचवायचे नाही. शहराच्या मध्यभागी बायशा आहे. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी भूकंप, समुद्राच्या लाटा आणि नंतर आग यांनी हा भाग नष्ट केला. राजवाडा आणि पूर्वेच्या व्यापाराचा कारभार पाहणारे ‘काझा दा इंडिया’ दोन्ही गेले. राजाचा मंत्री पोंबाल याच्या कारकिर्दीत मान्युएल द माया, एउजेनिउ दुश सांतुश आणि कार्लोस मार्देल यांनी इथे काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आखले आणि भिंतींच्या आत तिरप्या लाकडांचे पिंजरे घातले, म्हणजे धक्का बसला तरी घर लवचीक राहावे. असा नमुना उभा करून त्याच्या आसपास सैनिकांना दणदण चालायला लावून तो तपासला गेला असे सांगतात. या लोकांच्या हाती पूर्ण मोकळी जागा होती, हवे ते भूतकाळाचे सोंग उभारता आले असते. त्यांनी आपल्या काळाचे शहर बांधले आणि ते आपल्या काळाचेच दिसू दिले. लिस्बनमध्ये सगळ्यात कमी फसवणारा भाग हाच आहे, आणि तो पाहायला तिकीटही लागत नाही.

आता गोव्याकडे. १९५० च्या दशकात, फ्रान्सिस झेवियरच्या चारशेव्या पुण्यतिथीच्या सुमारास, त्याच स्मारक खात्याचे वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांना जुन्या गोव्यात धाडले गेले. सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या तिथल्या बॉम जेझू चर्चच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. जुन्या छायाचित्रांत तो दिसतो. पावसाळ्यात जांभा दगड भिजून झिजतो हे कोकणात घर बांधणाऱ्या कुणालाही ठाऊक असते आणि गिलावा त्यासाठीच असतो. तो इथे उतरवला गेला आणि इमारत लालसर, खडबडीत, फार प्राचीन दिसू लागली. लिस्बनच्या कॅथेड्रलवरून अठराव्या शतकाची सजावट उतरवणारी रीतच ती. जवळचा व्हाइसरॉयांचा कमानी दरवाजाही १९५४ मध्ये पुन्हा बांधलेला आहे, वास्को द गामाचा पुतळा असलेला, आणि तो ज्या वर्षी उभा राहिला त्याच वर्षी दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. बॉम जेझूच्या भिंती गेली अनेक वर्षे पावसाने झिजत आहेत. चर्चच्याच काही जबाबदार मंडळींनी आणि वास्तुविशारदांनी गिलावा पुन्हा चढवावा असे जाहीरपणे म्हटले आहे. उलट बाजू म्हणते, दोन पिढ्यांनी हे चर्च लालच पाहिले आहे, टपाल तिकिटांवर आणि पर्यटन खात्याच्या फलकांवर ते लालच आहे, भाविकांच्या मनातले रूप कसे बदलायचे? हा आक्षेप भावनेचा आहे आणि भावनेला मान द्यायला हवा. पण ज्या रूपावर ही माया जडली आहे, ते सत्तर वर्षांपूर्वी लिस्बनहून आलेल्या एका अधिकाऱ्याने ठरवले, आणि त्याआधीच्या साडेतीनशे वर्षांत ज्यांनी हे चर्च बांधले व वापरले त्यांनी त्याला गिलाव्यातच पाहिले होते. गिलावा चढवायलाच हवा, तोही चुन्याचा, सिमेंटचा नव्हे, कारण सिमेंट ओलावा भिंतीत कोंडून ठेवते आणि जांभ्याचे नुकसान वाढवते.